ब्रेकबाईंना कोण विचारतं?

हॅलो?… हॅलो, कोण… हां, तू होय. बोल. नाही गं, झोपले नव्हते, खिडकीत बसलेय चहा घेऊन. तू सांग. आवाज असा का येतोय तुझा, घसा बसलाय?… मग?… अगं सांग ना, आडवळणानं नको बोलूस. सकाळी सकाळी तू एवढी गोड बोलायला लागलीस की समजायचं, काहीतरी शिजतंय.

काय घेतली?

चिंगीनं? गाडी? आपल्या चिंगीनं?

कधी?… काल. काल घेतली आणि आज मला फोन. तोही तुझा, तिचा नाही. वा, छान… नाही, रागावले नाही. मी कशाला रागावू, माझा काय संबंध? एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसले. अख्ख्या गावानं मला ब्रेकबाई नाव ठेवलं. तुझ्या लेकीचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, तेव्हापासून तिला बंद गाडीत बसवून गिअर शिकवले. पण गाडी घेताना मला कशाला विचारायचं? मी कोण?

हो, हो… ऐकतेय. अगं पण तुझ्या दिरानंसुद्धा विचारलं होतं. तुझ्या त्या दातांच्या डॉक्टरनं विचारलं होतं, माझ्याच तोंडात हात घालून… बरोबर आहे, दिरानं मला विचारलं आणि नेमकी दुसरीच घेतली. पण विचारलं ना? रीत असते काही.

बरं, ते जाऊ दे. कुठली घेतली?… ‘छान आहे’ हे गाडीचं नाव नसतं गं… मोठी. बरं. उंच. बरं… रंग राहू दे, रंगावरून गाडी ओळखणारी तू. मला गिअरचं सांग. गिअर कसे पडतात? मऊ की… म्हणजे काय, ‘दांडा दिसला नाही’ म्हणजे काय?

थांब. थांब थांब थांब. ऑटोमॅटिक?

चिंगीनं ऑटोमॅटिक घेतली?

नाही, आहे मी. इथेच आहे. चहाचा कप खाली ठेवत होते.

अगं, माझ्या हातची शिकलेली मुलगी ती. चढावर गाडी उचलायची तर तसूभर मागे सरकायची नाही. क्लच असा सोडायची की डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलायचं नाही. ती माझी परीक्षाच होती, आठवतं ना? काठोकाठ भरलेला पेला. अडीच-तीन हजार पोरं शिकवली असतील मी, तशी पास होणारी ती एकटी… हो, तुझ्या अंगावर सांडलं होतं. ते तू चालवत होतीस म्हणून. चार दिवसांत पळालीस तू. चौथ्या दिवशी माझ्या क्लासच्या फाटकाला धडकवलीस आणि म्हणालीस, फाटक मध्ये आलं.

हस. हस तू. मला हसू येत नाहीये.

आता तू ऐक ना जरा. मी काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही. नव्या गाड्यांचे ब्रेक चांगले आहेत, मी मानते. एअरबॅग आल्या, बरंच झालं. पूर्वीच्या गाड्या बिघडायच्या, खरं आहे. पण सांगून बिघडायच्या गं. आधी कुरकुर, मग खरखर, मग एक दिवस बसकण. माणसाला तयारीला वेळ मिळायचा. आता? काल धावत होती, आज मुकी. गॅरेजमध्ये न्या, तिथला पोरगा कान लावत नाही, बोनेटला हात लावत नाही, लॅपटॉप लावतो. लॅपटॉप म्हणतो सगळं ठीक आहे. गाडी तर जागची हलत नाही. मग म्हणतो, अख्खा भागच बदलू. दुरुस्ती हा शब्दच गेला, नुसती बदली.

आणि पडदा. तिच्या गाडीत पडदा आहे का तसला, टीव्हीएवढा?… आहे ना. असणारच. ‘तेवढा छान मोठा’ काय म्हणतेस. तुला माहीत आहे मी पोरांना काय करायला लावायची? गाडी उभी, इंजिन बंद, डोळे मिटा. वायपर लावा. काचेवरचा वारा सोडा. दिवे. इंडिकेटर. ज्याला डोळे मिटून सापडत नाही, त्याला मी रस्त्यावर नेत नव्हते. का? कारण पावसात, वळणावर, समोर ट्रक असताना डोळे रस्त्यावर पाहिजेत. बटण बोटाला सापडलं पाहिजे, दाबलं की बोटाला कळलं पाहिजे. आता सगळं त्या गुळगुळीत काचेत. पंखा वाढवायचा तर आधी हे दाबा, मग ते पान उघडा, मग सरकवा. तोवर ट्रक आला.

कोण करतं माहितेय हे? मला तर पक्की शंका आहे, गाड्या काढणारे लोक गाडी चालवतच नसणार. ड्रायव्हर ठेवतात आणि मागे बसून मीटिंगा करतात. एक म्हणतो, पडदा मोठा करा. दुसरा म्हणतो, अजून मोठा. तिसरा म्हणतो, गाडीच्या कपाळाला आठ्या घाला, लोकांना आवडतं. म्हणून बघ ना हल्ली सगळ्या गाड्यांची तोंडं, घरून भांडून निघाल्यासारखी. आणि जाहिराती. रिकामा डोंगर, रिकामा रस्ता, औषधालाही दुसरी गाडी नाही. सिग्नलला तिसऱ्या रांगेत अडकलेली दाखवा म्हणावं एकदा, मागून हॉर्न, बाजूला कचऱ्याची गाडी. मग बघू कोण घेतं.

हो गं, घेते श्वास. तू बोल… नाही, तुला काय बोलायचंय ते बोल ना. मघापासून ‘ताई, एक सांगायचंय’ चाललंय तुझं… मग सांग… नंतर सांगतेस तर नंतर.

स्टेपनी आहे का विचारलंस? पाचवं चाक गं, डिकीतलं… बघ. मला माहीत होतं. डिंकाची बाटली देतात हल्ली. चाक पंक्चर झालं की त्यात ती बाटली रिकामी करायची आणि देवाचं नाव घेत जायचं. माझ्या निळीत बावीस वर्षं झाली, पूर्ण आकाराची स्टेपनी आहे, हवा भरलेली. मी दर… मी बघते ना तिच्याकडे.

निळी? मजेत आहे. चालते की. चालते म्हणजे, तिला काय धाड भरलीय… काल नाही. परवा… परवा कुठं बरं गेले होते… अगं असंच, इथंच. तू माझी उलटतपासणी घ्यायला फोन केलास की चिंगीच्या गाडीचं सांगायला?

आकाराचं सांगत होते मी. रस्ते तेवढेच आहेत ना? माझ्या लहानपणी होते तेवढेच. गाड्या मात्र फुगत चालल्यात. आत बसणारा एकटाच, शेजारी एक डबा ठेवून ऑफिसला निघालेला, आणि गाडी बघावी तर वऱ्हाड बसेल अशी. आता आमच्याच खाली बघ. खिडकीतून दिसतेय मला, मघाशीच येऊन उभी राहिलीय एक. तसलीच. ढब्बी. रंग तर बघ, शेवाळ वाळल्यावर होतं ना, तसा. कोणी पसंत केला असेल हा रंग? दुकानात उरला असणार, गळ्यात मारला बिचाऱ्याच्या. वर काळं छप्पर. कपाळाला आठ्या, सांगितल्या होत्या ना मी तुला, त्या अशा.

तू गप्प का झालीस?… मला वाटलं लाईन गेली.

एक आहे पण. लावलीय मात्र झकास. नाही, खरंच. मी वरून बघतेय ना, कडेपासून बरोबर वीतभर. पुढची चाकं सरळ करून ठेवलीत. हल्ली कोण चाकं सरळ करतं गं? वाकडी ठेवून उतरतात आणि निघताना मागच्या गाडीला घासतात. आणि आत बसलंय कोणीतरी, आरसे मिटलेले नाहीत. पण हॉर्न नाही, काही नाही. माणूस घराखाली उभा राहून शांतपणे वाट बघतोय, हे मी किती वर्षांनी बघतेय. नाहीतर पोंऽऽ पोंऽऽ, खाली या. मी पहिल्याच दिवशी सांगायची, हॉर्न ही घरातल्यांना बोलवायची घंटा नाही. जिना चढायचा, दार वाजवायचं. नाहीतर थांबायचं. ह्याला कोणीतरी चांगलं शिकवलंय. गाडी तेवढी भिकार घेतली.

थांब, दार वाजलं. ठेवू नकोस, आलेच… 

आई गं…

हां. बोल… नाही, काही नाही, उठताना जरा टेबल लागलं. शेजारीण होती. भाजी घेऊन आली… माझी. माझीच भाजी. ती जातेच ना बाजारात, माझी पण आणते… अगं, रोज नाही. आठवड्यातून दोनदा… मी का नाही जात म्हणजे काय? गर्दी असते तिथे, गाडी लावायला जागा नसते. आणि त्या रस्त्याचं काम चाललंय.

अगं, हा वेगळा रस्ता. तुझ्याकडे यायच्या रस्त्याचं काम संपलं, माहितेय मला.

हे बघ, आता तो विषय काढू नकोस. आठ महिने काय, मोजत बसली होतीस का तू? मी सांगितलं होतं ना, आधी गाडी गॅरेजमध्ये होती. मग मला सर्दी होती. मग तो पूल बंद होता… नाही आले वाढदिवसाला, चुकलंच माझं. फोन केला होता ना पण?… कोण म्हणालं मी रागावलेय? कशावरून रागावेन? तू म्हणे भावजींना विचारत होतीस, ताईला माझं काय लागलं असेल. काहीतरीच. काही लागलं नाही मला. कोणाचं काही लागलं नाही.

टॅक्सीनं? मी? मागच्या सीटवर बसून, कोणी कुठल्या गिअरला वळतोय ते बघत, दात आवळत, तासभर? त्यापेक्षा मी चालत येईन.

हं. ते सोड. चिंगीचं बोल. ही बुद्धी तिला दिली कोणी, मला तेवढंच सांग. त्या शोरूममधल्या टायवाल्यानं ना? मला माहीत आहेत ते. गाडीत बसवतात, आधी दिव्यांचे रंग दाखवतात. बघा मॅडम, आत जांभळा उजेड पडतो. अरे, गाडी आहे की नाटकाचं थिएटर? मग फोन जोडून दाखवतात. इंजिनाबद्दल विचार, बोबडी वळते. आणि हो, इंजिनाचा आवाजही आता खोटा असतो म्हणे काही गाड्यांत, स्पीकरमधून सोडतात. ऐकलंस? आवाज गाडीला नाही, आवाज गाण्याच्या पेटीला. आणि ती बोलते पण. रेघ ओलांडली, टूं टूं. पट्टा लावा, टूं टूं. कॉफी प्यायला थांबा, तुम्ही दमलात. तुला कोणी विचारलं गं, मी दमले का ते? एकतीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही.

नाही, मला एक समजत नाही. चिंगीला गाडी चालवता येते. चालवता येत नाही त्याची गोष्ट वेगळी. गाडी म्हणजे काय, सांग? दोन्ही हात, दोन्ही पाय, कान, बूड, सगळं कामाला लागलं पाहिजे. वेग कमी झाला की गाडी सांगते, आता खालचा गिअर दे. तू देतेस. ती थँक्यू म्हणते. हे बोलणं असतं गं. ऑटोमॅटिकमध्ये काय आहे? पाय दाबा, जा. सोडा, थांबा. पाळण्यात बसल्यासारखं. ऑटोमॅटिक कोणासाठी असते, सांगू तुला? ज्यांना डावा पाय नाही, त्यांच्यासाठी. ज्यांच्या डाव्या पायात…

…

नाही. काही नाही.

चहा गार झाला.

सांग ना. मघापासून सांगायचंय ते सांग आता एकदाचं… मी नाही ओरडणार. सांग.

कुठे जाळं?

कसलं जाळं?

…

क्लचखाली.

चिंगी कधी बसली होती निळीत?… मागच्या रविवारी. हो, छत्री काढायला म्हणून किल्ली घेऊन गेली होती खाली. मला वाटलंच होतं, छत्री काढायला एवढा वेळ कशाला लागतो… म्हणजे छत्रीबित्री काही नव्हतं. मुद्दाम वाकून बघितलं तिनं. तुला सांगते, हे मला अजिबात आवडलेलं नाही. दुसऱ्याच्या गाडीत वाकून बघायचं, पेडल तपासायची, ही काय पद्धत आहे? हे कोणी शिकवलं तिला?

…

हो. मीच शिकवलं.

अगं माहितेय मला, मीच शिकवलं. जुनी गाडी घेताना मीटर बघू नका, पेडल बघा. मीटर खोटं बोलतं, मालक खोटं बोलतो, पेडलचं रबर खोटं बोलत नाही. सगळ्या बॅचला सांगायची मी हे. आता ही कार्टी तेच माझ्यावर उलटवणार, मला काय स्वप्न पडलं होतं?

केवढं होतं?… म्हणजे जाळं केवढं होतं? मी बघितलं नाही गं. वाकता येत नाही मला तेवढं… पेडलपासून खालपर्यंत. आणि कोळी होता आत?… होता. चांगला भरलेला. म्हणजे सुखात आहे कोणीतरी त्या गाडीत.

हो. दर रविवारी बसते. बसते, चावी फिरवते, दहा मिनिटं चालू ठेवते, बंद करते, वर येते. बॅटरी मरू नये म्हणून. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून. क्लच न दाबता. माझ्या विद्यार्थ्यानं क्लच न दाबता गाडी सुरू केली असती ना, तर मी खाली उतरवलं असतं त्याला. आणि मी करतेय, चोरासारखी. शेजारणीला आवाज जावा म्हणून मुद्दाम जरा रेस पण देते. म्हणजे वाटेल तिला, बाई गेल्या आल्या.

अगं रडू नकोस. तू रडलीस तर मी फोन ठेवीन.

कमरेतली नस आहे. दबलीय. डावा पाय आहे, दिसतो, चपलेत जातो. जोर नाही त्यात. डॉक्टर म्हणाला येईल थोडाफार, पूर्वीसारखा नाही. उजवा ठणठणीत आहे. का झालं विचारलंस तर… एकतीस वर्षं, दिवसाला आठ तास, दुसऱ्यांचे क्लच दाबले मी. माझ्या बाजूला पेडल होती ना, क्लच आणि ब्रेक. लोकांना वाटायचं बाई नुसत्या बसल्यात. डॉक्टरनं आणखी शंभर कारणं सांगितली, पण मला माहितेय. जगाचे क्लच दाबून माझा पाय संपला. आणि नाव काय पडलं? ब्रेकबाई. बघ, नावसुद्धा धड नाही मिळालं.

कसं कळलं, ऐकायचंय तुला?… मग ऐक, आणि पुन्हा कधी काढू नकोस.

तुझ्याकडेच येत होते. सिग्नलला उभी होते, पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून. समोरून एक माणूस रस्ता ओलांडत होता, खांद्यावर लांब शिडी घेऊन. आणि मला कळलंच नाही गं, पाय कधी सुटला ते. पाय होता तिथे, पण नव्हता. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. बंद पडली म्हणून. निळीची कृपा. उजवा पाय ब्रेकवर गेला होता, पण आधी गाडीच बंद पडली. तो माणूस बंपरपासून वीतभर लांब होता. एक वीत. मी आयुष्यभर लोकांना शिकवलं, कडेपासून वीतभर अंतर ठेवा. त्या दिवशी माणसापासून तेवढंच राहिलं.

त्यानं शिवी नाही दिली. दिली असती तर बरं झालं असतं. वाकून आत बघितलं आणि म्हणाला, ‘सावकाश, आजी.’

आजी म्हणाला मला. अजून रात्री आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मागचे हॉर्न वाजवत होते. मी उतरून एका पोलिसाला सांगितलं, गाडी बाजूला घ्या. त्यानंच घरापर्यंत आणून दिली. वाईट चालवत होता, तिसऱ्याच्या ऐवजी पाचवा टाकत होता. मी एक शब्द बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

नाही सांगितलं. कोणालाच नाही. काय सांगायचं? ब्रेकबाईंना गाडी येत नाही आता? मी रागावलेय असं तू वाटून घेतलंस ते मला कळत होतं. फोनवर तुझा आवाज आंबट व्हायला लागला होता. मला वाटलं, रागावली तरी चालेल. दया नको. राग आठ महिने पुरतो गं, दया एकदा सुरू झाली की संपत नाही… चुकलं. हो, चुकलं माझं. तुला किती लागलं असेल ते… हो. म्हणते ना चुकलं. किती वेळा म्हणू?

हं.

मग? चिंगीचं पुढे काय?… म्हणजे?

नाही, कळलं नाही मला. परत सांग. कोणाला विचारलं तिनं?

माझ्या डॉक्टरला? ती माझ्या डॉक्टरकडे गेली? मला न विचारता?… आणि त्यानं सांगितलं, क्लचची नको, ऑटोमॅटिक खुशाल चालवू देत. हो, मलाही म्हणाला होता. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही नस बघा, गाडीचं मी बघते.

थांब, म्हणजे ही गाडी… नाही. नाही गं. असं नसतं करायचं.

अगं पण तिला गिअरची हवी होती. मला माहितेय ना. लाल, छोटी, गिअरची. सातवीत असताना वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं होतं तिनं, गिअरच्या दांड्यावर आकडेसुद्धा लिहिले होते, एक ते पाच आणि आर. अजून आहे माझ्याकडे. नोकरी लागल्यापासून त्या गाडीसाठी साठवत होती ना ती? मग त्या लालचं काय झालं?

मूर्ख आहे तुझी मुलगी. सांग तिला. साफ मूर्ख आहे. पुढची दहा वर्षं ती गाडी तिला चालवायचीय. रोज शाळेत शिकवायला जाणार तिच्यातून, पाळण्यात बसून. कशासाठी? एका म्हातारीनं रविवारी तुझ्याकडे जेवायला यावं म्हणून? असले हिशेब करतात का गाडी घेताना? माझ्याकडे येऊन विचारायचं होतं, मी म्हटलं असतं, वेडी आहेस का, लाल घे. म्हणून नाही विचारलं… हो ना. म्हणूनच नाही विचारलं. बरोबर.

नाही रडत मी. चहा अडकला.

कुठाय ती आता? तिला फोन दे. चांगली खरडपट्टी काढते… तिथे नाही? मग कुठे गेली सकाळी सकाळी?

…

खाली?

कुठल्या खाली… 

ती शेवाळी?

अरे देवा. ती ढब्बी? आठ्यावाली?… अगं मग बोलली का नाहीस तू, मी मघापासून त्या रंगाला काय काय बोलले… किती वेळ बसलीय ती तिथे?… पाऊण तास. तू मला तयार करीपर्यंत. आणि हॉर्न नाही वाजवला. जिना चढून का नाही आली मग?… मी दार लावून घेईन म्हणून. हं. घेतलंच असतं.

दिसतेय मला. खिडकीची काच खाली केलीय तिनं आता. हात बाहेर काढून बसलीय, हे मी नव्हतं शिकवलं. आणि ती कुठे बसलीय?… डावीकडे. माझ्या जागेवर. म्हणजे मी स्टिअरिंगवर बसायचं आणि ती मला शिकवणार. तिनं म्हटलं असं?… काय म्हणाली नक्की?

पेला आणलाय. काठोकाठ पाण्याचा.

नालायक कार्टी.

अगं पण तिच्या बाजूला ब्रेक नाही. साध्या गाडीत शेजारच्याला पेडल नसतात, काहीच नसतं. मी एकतीस वर्षांत एकदाही ब्रेकशिवाय शिकणाऱ्याच्या शेजारी बसले नाही. भीती नाही वाटत का तिला? विचारलंस तू?

…

असं म्हणाली?

परत एकदा सांग… नाही, ऐकू आलं. तरी सांग.

‘मावशी चालवत असताना मी कधी ब्रेक बघितला नाही.’

हं.

हं.

थांब, जरा चष्मा पुसते.

हे बघ, मी बसून बघणार, एवढंच. चालवेन असं कबूल केलेलं नाही. आधी डोळे मिटून तिला वायपर लावून दाखवू दे. मग आरसे मी लावणार, सीट मी लावणार, आणि तो जांभळा दिवा आधी बंद. टूं टूं केलं तर मी उतरेन. आधी त्या मागच्या मोकळ्या मैदानावर दहा फेऱ्या, मग गल्ली, मग बघू. आणि डाव्या पायाचं काय करायचं असतं गं त्यात? नुसता ठेवून द्यायचा? बसू दे. बसू दे त्याला, खूप केलं त्यानं.

आज नाही येणार मी तुझ्याकडे. आज फक्त मैदान. येत्या रविवारी… बघू म्हटलं ना. फार काही करू नकोस जेवायला. आणि तुझ्या फाटकासमोरची ती कुंडी हलवून ठेव.

चप्पल घालतेय. फोन कानालाच आहे, बोल… अगं हो, लिफ्टनं जाते, जिन्यानं नाही.

ऐक. तिला दुसऱ्या फोनवरून एक निरोप दे. हॉर्न वाजव म्हणावं… हो, मीच सांगतेय. घराखालीच. एकदा वाजव म्हणावं, मला ऐकायचाय. हॉर्न ऐकल्याशिवाय मी कुठल्या गाडीत बसले नाही आजवर… माहितेय मला मी काय शिकवलं होतं. आजच्या दिवस वाजव म्हण.

…

ऐकलास?

भिकार आहे. बदकासारखा. सगळ्या गाडीत एक गोष्ट धड नाही.

आले म्हणावं. ठेवते.